26, 39, 78 : पऱ्हाटीच्या पोटातला हिशेब

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण कापसाची आहे, आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कापसाशी ज्याचा कधीच संबंध आला नाही असं घर शोधून सापडायचं नाही. म्हणून सवडीने वाचा.

आबाजी गेले त्या उन्हाळ्यात आम्ही घराचा माळा साफ केला. जुनी तिफण, मोडकं वखर, दोन कंदील, आणि कोपऱ्यात तोंडाला फडकं बांधलेलं एक मडकं. आत राखेत घोळून ठेवलेली सरकी. आई म्हणाली, "हे मामंजीची गावरानी सरकी हाय. जपून ठेवली होती त्याईनं." हायब्रीड आलं, मग पाकिटं आली, आबाजींनी गावरानी पेरणं सोडलं. पण बी काही फेकून दिलं नाही. पाऊस पडल्यावर मी त्यातल्या चाळीस सरक्या परसात टोकल्या. पंधरा दिवस वाट पाहिली. एकही उगवली नाही.

तेव्हा पुतण्या कृषी पदवीच्या पहिल्या वर्षाला होता. त्यानं विचारलं, "काका, देशी पऱ्हाटी कमी पाण्यात तग धरते, तिला तुडतुड्यांचा त्रास कमी. अमेरिकन पऱ्हाटीचा धागा लांब. मग दोघींचा संकर करून एकच चांगलं वाण काढलं का नाही कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. नंतर जे वाचलं, जाणकारांना विचारलं, ते आज लिहितो आहे. कारण या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या खामगावचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि उद्याचाही एक प्रश्न आहे.

सुरुवात खामगावपासूनच करू. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर खिळली. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत 1867 मध्ये नागपूरला पोचली. जलंब ते खामगाव हा जेमतेम 13 किलोमीटरचा फाटा कापसासाठीच टाकला, आणि 1870 मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी एवढ्याशा फाट्यासाठी इथवर आला, यावरून इथल्या कापसाची किंमत कळते.

पण गिरणीवाल्यांची एक तक्रार कायम होती. आपला कापूस आखूड धाग्याचा. त्यांची यंत्रं अमेरिकन लांब धाग्याला सरावलेली. त्याआधी 1840 मध्येच कंपनी सरकारने अमेरिकेतून कपाशीचे जाणकार मळेवाले आणून इथे अमेरिकन बियाणं रुजवायचा प्रयत्न केला होता. धारवाडकडे ते टिकलं, बाकी ठिकाणी फारसं जमलं नाही. इथलं हवामान, इथली कीड त्याला मानवेना.

वऱ्हाडात तेव्हा मुख्यतः दोन देशी कपाशी होत्या. एक 'बनी', उशिरा येणारी, मऊ आणि त्यातल्या त्यात लांब धाग्याची. हिंगणघाटचा बनी कापूस तर नावाजलेलाच. दुसरी 'जरी', लवकर येणारी, आखूड जाड धाग्याची, पण रुईचा उतारा जास्त देणारी. आता सांगा, शेतकऱ्यानं काय पेरावं? बाजारात बनीच्या चांगल्या धाग्याला वेगळा भाव मिळत नसेल, तर माणूस जास्त उतारा देणारंच बी धरणार. तेच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जरी पसरत गेली आणि बनी मागे पडली. शेतकरी अडाणी होता म्हणून नाही, त्याला हिशेब कळत होता म्हणून. आपल्याकडचं एखादं चांगलं बी हातातून जायची ही पहिली वेळ.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडे. देशी आणि अमेरिकन यांचा संकर का जमेना? हातानं परागकण टाकले तरी बहुतेक वेळा बोंड लहान असतानाच गळून पडे. कधीमधी एखादं बी मिळालं, झाड आलं, तर ते वांझ. फुलं भरपूर, बोंड नाही. कारण कोणालाच कळत नव्हतं. ते कळलं 1920 च्या दशकात, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्यांनी कपाशीची गुणसूत्रं मोजली तेव्हा.

गुणसूत्रं म्हणजे पेशीतले ते धागे, ज्यांवर झाडाचे सगळे गुण लिहिलेले असतात. ती जोडीजोडीनं असतात. अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून. आपल्या देशी कपाशीत ती 26, म्हणजे 13 जोड्या. अमेरिकन कपाशीत 52. बरोब्बर दुप्पट! गुणसूत्रांचे दोनापेक्षा जास्त संच असलेल्या झाडाला 'बहुगुणित' म्हणतात. दचकू नका, आपण ते रोज खातो. गहू सहा संचांचा. जळगाव-बुऱ्हाणपूरकडून येणारी केळी तीन संचांची, म्हणूनच तिच्यात बी धरत नाही.

देशीचा आणि अमेरिकनचा संकर केला की देशीकडून 13 आणि अमेरिकनकडून 26 गुणसूत्रं येतात. बेरीज 39. इथंच घोडं पेंड खातं. पोळ्याचं उदाहरण घ्या. बैल जोडीनं जुंपायचे असतात. गोठ्यात 39 बैल आले तर सगळ्यांची जोडी लागेल कशी? बीज तयार होताना गुणसूत्रांना असंच जोडीनं उभं राहावं लागतं. संकराच्या झाडात देशीचे 13 अमेरिकनच्या पहिल्या 13 शी कशीबशी जोडी लावतात, कारण ते नात्यातले आहेत. उरलेले 13 एकटेच पडतात. वाटणी बिघडते, परागकण फोल निघतात, झाड वांझ राहतं.

मग उपाय काय? प्रत्येक बैलाला त्याचाच जोडीदार आणून द्यायचा. म्हणजे 39 ची दुप्पट करायची. 78 झाले की सगळ्यांना जोडी मिळते आणि झाड सुपीक होऊ शकतं. कल्पना सोपी आहे, पण पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करायची कशी?

त्याचं उत्तर 1937 मध्ये मिळालं. अमेरिकेत ब्लेकस्ली नावाचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं धोतऱ्यावर काम करत होते. हो, आपल्या उकिरड्यावर उगवतो त्याच कुळातला धोतरा. त्यांनी आणि त्यांचे सहकारी एव्हरी यांनी दाखवलं की 'कोल्चिसिन' नावाचं द्रव्य लावलं की झाडाची गुणसूत्रं दुप्पट होतात. पेशी दोन व्हायच्या वेळी गुणसूत्रांची आधी नक्कल होते, मग बारीक तंतू त्यांना दोन टोकांना ओढतात. कोल्चिसिन ते तंतूच तयार होऊ देत नाही. नक्कल झालेली असते, वाटणी होत नाही, पेशी दुप्पट गुणसूत्रं घेऊन पुढं चालू लागते. वाटणीपत्र तयार आहे पण तलाठी आलाच नाही, त्यामुळे सगळं शेत एकाच्याच नावावर राहिलं, तसा प्रकार.

आणि हे कोल्चिसिन कशात असतं माहीत आहे? मूळ युरोपातल्या एका कंदात, आणि आपल्या कळलावीतही. पावसाळ्यात धुऱ्यावर, कुपाटीवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलतं ती कळलावी. म्हाताऱ्या बायका तिचं नाव घेतानाही जपून घ्यायच्या, कारण तिचा कंद जहर आहे. जहर आहे ते याच द्रव्यामुळे. (कृपा करून घरी कोणी प्रयोग करू नका. जीव जाऊ शकतो.)

कोल्चिसिन हाती आल्यावर कपाशीत पहिलं मोठं काम झालं ते 1940 मध्ये. टेक्सासमध्ये बीस्ली या तरुण शास्त्रज्ञानं आपल्या देशी कपाशीचा संकर अमेरिकेतल्या एका रानटी कपाशीशी केला. ती रानटी कपाशी 26 गुणसूत्रांची, आणि तिला कातण्याजोगा धागाच नाही. संकराचं झाड वांझ आलं. त्यानं त्याची गुणसूत्रं दुप्पट केली, 52. आणि हे नवं झाड अमेरिकन कपाशीशी सहज जुळलं! हारलँड या दुसऱ्या शास्त्रज्ञानंही त्याच वर्षी स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला. त्याआधी 1934 मध्ये स्कोव्हस्टेड यांनी जो अंदाज बांधला होता, तो खरा ठरला.

तो अंदाज असा की अमेरिकन कपाशी ही मुळात संकर आहे. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी निसर्गानंच तो केला. आशिया-आफ्रिकेकडच्या कपाशीच्या कुळातलं एक झाड आणि अमेरिकेतली रानटी कपाशी एकत्र आली, गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली, आणि 52 गुणसूत्रांची नवी कपाशी जन्मली. कातण्याजोगा धागा मुळात आपल्या बाजूच्या कुळातला. ज्या अमेरिकन कपाशीसमोर आपल्या कापसाला दीडशे वर्षं हिणवलं गेलं, तिच्या अंगात निम्मं रक्त आपल्या गावरानीच्या भाऊबंदांचं आहे. हे वाचलं त्या दिवशी मी माळ्यावरचं ते मडकं खाली उतरवून पुन्हा पाहिलं. बीस्ली मात्र फार जगला नाही. दुसऱ्या महायुद्धात तो मारला गेला.

आपल्या देशात काय चाललं होतं? 1921 मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि 1923 च्या कायद्यानं कापसावर उपकर बसला. त्या पैशातून माटुंग्याची धाग्याची प्रयोगशाळा उभी राहिली, इंदूरच्या संशोधन संस्थेला मदत मिळाली, प्रांतोप्रांती वाणांचं काम चाललं. हे लक्षात ठेवा. खामगावच्या जिनातून बाहेर पडलेल्या गाठींचाही त्यात वाटा आहे. कापसाचं विज्ञान या देशात कापूस पिकवणाऱ्याच्या पैशावर उभं राहिलं.

सुरतच्या केंद्रात आशियाई आणि अमेरिकन कपाशीच्या संकराचं चिकाटीचं काम झालं. के. सी. अमीन यांनी 1940 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. एकदा संकराचं झाड हाती आलं की ते अमेरिकन कपाशीशी पुन्हापुन्हा जोडायचं. 78 वाल्याला 52 वाल्याशी जोडलं की 65 येतात, परत जोडलं की आणखी कमी, असं करत करत 52 वर स्थिर आणायचं. प्रत्येक पिढीत देशीचे हवे ते गुण राहिलेत का ते बघायचं. एकेका वाणाला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. या कामातून देवीराज, देवीतेज अशी वाणं निघाली. याच वंशावळीत गुजरात-67 चं नाव घेतलं जातं. आणि गुजरात-67 कोण? 1970 मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी काढलेल्या एच-4 ची आई. एच-4 म्हणजे व्यापारी लागवडीसाठीचं जगातलं पहिलं संकरित कपाशीचं वाण. आपल्याकडचे जुने लोक ज्याला नुसतं 'हायब्रीड' म्हणायचे त्याची सुरुवात.

मधल्या काळात फाळणी झाली. लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध-पंजाबचा ओलिताचा भाग पाकिस्तानात गेला, गिरण्या इकडे राहिल्या. लांब धागा हवाच, हे देशाचं धोरण झालं. त्यात चूक नव्हती. पण कोरडवाहू वऱ्हाडातून देशी कपाशी हळूहळू निघून गेली ती तेव्हापासून. बनीनंतरची ही दुसरी वेळ.

आता टिश्यू कल्चर कुठं आलं ते सांगतो. आपल्याला टिश्यू कल्चर म्हटलं की केळीची रोपं आठवतात. झाडाचा बारीकसा तुकडा निर्जंतुक बाटलीत साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या पोषक माध्यमावर वाढवायचा, एवढंच ते तंत्र. पण कपाशीच्या या कोड्यात त्यानं दोन गाठी सोडवल्या.

पहिली गाठ बोंड गळण्याची. संकराचा गर्भ तयार होतो, पण त्याला पोसणारा भाग नीट वाढत नाही आणि गर्भ उपाशी मरतो. मग परागण झाल्यावर काही दिवसांतच कोवळं बोंड उघडून आतली बीजांडं काढायची आणि बाटलीत पोसायची. झाडाच्या पोटात जगला नसता तो गर्भ काचेच्या पोटात जगतो. अमेरिकेत स्ट्युअर्ट आणि सू यांनी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कपाशीत करून दाखवलं. आपल्याकडं लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात गिल आणि बजाज यांनी देशी आणि अमेरिकन कपाशीचाच संकर बीजांड वाढवून मिळवला आणि 1987 मध्ये तो प्रसिद्ध केला.

दुसरी गाठ दुप्पट करण्याची. शेतातल्या रोपाच्या शेंड्याला कोल्चिसिन लावलं तर काही पेशी दुप्पट होतात, काही तशाच राहतात. एक फांदी एका घरची, दुसरी दुसऱ्या घरची. बाटलीतल्या इवल्या कोंबाला मात्र मोजून मापून द्रावण देता येतं, किती तास ते ठरवता येतं, आणि दुप्पट झालेल्या भागातून नवे कोंब काढत राहिलं की सगळं रोप एकसारखं मिळायची शक्यता वाढते. मग मुळाच्या टोकातली गुणसूत्रं मोजून खात्री करायची. पानावरची रंध्रं मोठी दिसू लागली तर तोही एक इशारा असतो.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण पारावर मी तो बऱ्याचदा ऐकलाय. गुणसूत्रं दुप्पट करणं म्हणजे बीटी नव्हे. बीटीमध्ये एका जिवाणूचं जनुक बाहेरून आणून घातलेलं आहे. इथं झाडाचंच जे आहे ते दुप्पट होतं, गव्हात आणि कपाशीत निसर्गानं केलं तसंच. टिश्यू कल्चरची केळीही बीटी नाही.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा जादूचा दिवा विकतोय. दुप्पट केलेलं प्रत्येक झाड चांगलं निघत नाही. बरीच मंद वाढतात, बोंड कमी धरतात. चांगल्या गुणासोबत आखूड धाग्यासारखे नको ते गुणही येतात आणि ते काढता काढता पिढ्या जातात. यातून गुलाबी बोंडअळीचा उपाय उद्या सकाळी मिळणार नाही.

बोंडअळीवरून आठवलं. 2002 मध्ये बीटीला परवानगी मिळाली, सुरुवातीची वर्षं बरी गेली. 2017 च्या हंगामात आमच्या चार एकरात हिरवीगार दिसणारी बोंडं फोडली की आत अळी. वडिलांनी वेचणी अर्धवट सोडून पऱ्हाटी उपटली. बियाण्याची पावती घेऊन ते कुठंकुठं फिरले, ते इथं सांगत नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "अमदा बी आपलं नोयतं, अन् इलाज बी आपला नोयता." बी आपलं नाही, उपायही आपला नाही. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून ही पोस्ट. इतिहास सांगतो की देशी आणि अमेरिकन यांना जोडायचं काम होऊ शकतं, झालेलंही आहे. पण ते दहा-वीस वर्षांचं आहे. दरवर्षी पाकीट विकणारा ते कशाला करील? ते सार्वजनिक संस्थाच करू शकतात. आपल्या शेजारी अकोल्याला 1969 पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. नागपूरला 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, तिथं कपाशीच्या रानटी जाती जपल्या आहेत. परभणीच्या विद्यापीठानं तर लांब धाग्याच्या देशी कपाशीची वाणं काढून दाखवली आहेत. देशी म्हणजे आखूडच, हा समज त्यांनी मोडला.

मग आपण काय मागायचं? आमदार-खासदार गावात आले की आपण रस्ता मागतो, सभामंडप मागतो. एकदा हेही विचारा की कापूस संशोधनाच्या किती जागा भरल्या, किती रिकाम्या आहेत. तालुक्याला निदान एक देशी कपाशीचं बीजोत्पादनाचं वावर का नाही? आणि देशी कापूस पिकवला तर तो वेगळा मोजून वेगळ्या भावानं घेणारं खामगावच्या बाजारात कोणी आहे का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात जुना आहे. बनी त्याच्यामुळंच गेली.

पुतण्या आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्याला हा सगळा हिशेब सांगितला. 26, 39, 78, 65, 52. तो म्हणाला, "काका, म्हणजे प्रयोगशाळेत सगळं करता येते." मी म्हटलं, "दुप्पट करता येते रे बाबू. पण आबाजीच्या मडक्यातलं बी मेलं, त्याची दुप्पट कशी करशील?"

तुमच्या घरात, माळ्यावर, कोठीत, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या गाठोड्यात गावरानी पऱ्हाटीची सरकी असेल, तर यंदाच पाऊस पडला की चार ओळी टोकून पाहा. सरकी फार वर्षं वाट पाहत नाही. उगवली तर मला कळवा. मी गाडी काढून येतो.